बॉलकॉकच्या मागचे पाणी
(लहान कारखान्यांसाठी कूलिंग टॉवरची पुस्तिका : प्रस्तावना)

एक टन लोखंड वितळवायला किती युनिट वीज लागली, हे बेळगावच्या उद्यमबागेतला फौंड्रीवाला तोंडपाठ सांगतो. कोणत्या महिन्यात बिल का वाढले, पॉवर फॅक्टर किती राहिला, कोणती हीट लांबली, याची त्याच्याकडे वही असते. त्याच भट्टीला महिन्याभरात पाणी किती लागले, असे विचारले तर तो टँकर किती आले ते सांगतो, नाहीतर ‘बोअर आहे की’ म्हणतो. टँकरचे पाणी वाळूलाही जाते, कॅन्टीनलाही जाते, गेटजवळच्या चार झाडांनाही जाते. त्यातले कूलिंग टॉवरवर नेमके किती गेले, हे कुठेही लिहिलेले नसते. हा आकडा ज्याचा त्याला काढता यावा, एवढ्यासाठी ही पुस्तिका लिहिली आहे.

आकडा लिहिला जात नाही, त्याला कारण आहे. टॉवरच्या खालच्या सम्पमध्ये पातळी उतरली की बॉलकॉक उघडतो, पाणी येते, पातळी भरली की तो मिटतो. दिवसरात्र हे बिनबोभाट चालते. सोय म्हणून ही रचना उत्तमच आहे, कारण पंप कोरडा पडला तर भट्टी धोक्यात येते. पण याच सोयीमुळे नुकसान झाकले जाते. हायड्रॉलिकचे तेल गळले तर जमिनीवर डाग पडतो, हवेची लाइन फुटली तर कॉम्प्रेसर धापा टाकतो. टॉवरचे पाणी गळले, वाहून गेले किंवा वाऱ्याने उडाले तर काहीच होत नाही. बॉलकॉक गेले तेवढे भरून काढतो आणि सम्पमध्ये डोकावणाऱ्याला पातळी कायम दिसते. त्यामुळे एखाद्या कारखान्यात वर्षानुवर्षे जरुरीच्या दुप्पट पाणी लागत असले, तरी तेवढे लागतेच असे सगळ्यांना प्रामाणिकपणे वाटत राहते.

रेल्वे रुळांच्या एका बाजूला अनगोळ आणि दुसऱ्या बाजूला उद्यमबाग. चौथ्या गेटमधून सकाळ-संध्याकाळ जी माणसे सायकलींवरून, मोटारसायकलींवरून ये-जा करतात, त्यातली बरीच अनगोळ, येळ्ळूर, वडगाव, मजगाव, पिरनवाडी या भागातली आहेत. त्यांच्या घरच्या विहिरी आणि कारखान्यांच्या बोअर एकाच जमिनीत आहेत : वर जांभा, खाली दख्खनचा काळा पाषाण. जांभ्यात पाऊस चटकन मुरतो आणि तितक्याच चटकन ओसरतो. खालच्या पाषाणात पाणी फक्त भेगांमध्ये असते. पलीकडच्या शिवारात भात पिकतो. तिथून वाहणारा बळ्ळारी नाला पावसाळ्यात अनगोळ, शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शेतात शिरतो आणि रोपे कुजवतो. जुलैत पाणी नको होते आणि एप्रिलमध्ये तेच मिळत नाही, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळे सांगायला नको. शहराला पाणी मार्कंडेय नदीवरच्या राकसकोपमधून आणि घटप्रभेवरच्या हिडकलमधून येते. उन्हाळा लांबला की राकसकोपची पातळी किती फुटांवर आली, ही बेळगावच्या वर्तमानपत्रांत रोजची बातमी होते. १९९५ च्या टंचाईत शहरातल्या जुन्या विहिरी उपसून पुन्हा वापरात आणल्या गेल्या. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली काँग्रेस विहीर त्यातलीच. ज्या गावाने एकदा जुन्या विहिरींचा गाळ काढून तहान भागवली, त्या गावातल्या कारखान्यांनी आपल्या सम्पचा हिशेब ठेवावा, ही अपेक्षा फार नाही.

इथल्या कारखानदारीचा वारसा जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली ती बेळगावातच. पुढे त्यांचा नांगर इथेच आकाराला आला. नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी जागा हवी झाली म्हणून त्यांना ती सोडावी लागली आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. मोठा कारखाना गेला, पण लोखंड ओतण्याची आणि कापण्याची विद्या या मातीत राहिली. आज उद्यमबाग, मच्छे, होनगा इथे कास्टिंग, मशीनिंग, हायड्रॉलिक यांचे जे काम चालते त्याला ही पार्श्वभूमी आहे.

पूर्वी ओतकाम कुपोल्यावर चाले. कोक, चुनखडी, बिडाचे तुकडे आणि ब्लोअर. धूर भरपूर, पण पाणी नावालाच लागे. मग इंडक्शन फर्नेस आली. धूर कमी झाला, धातूची प्रत हातात आली, लहान हीटही परवडू लागली. तिच्याबरोबर पाण्याची गरजही आली. इंडक्शन भट्टीत तांब्याच्या पोकळ क्वाइलमधून प्रचंड विद्युतप्रवाह जातो आणि क्वाइल स्वतः तापते. भट्टीला दिलेल्या विजेचा साधारण पाव हिस्सा लोखंडात न जाता क्वाइलमध्येच उष्णता होऊन बसतो. ती उष्णता क्वाइलच्या पोटातून फिरणारे पाणी बाहेर आणते. चांगल्या मांडणीत हे आतले पाणी क्षाररहित असते आणि बंद चक्रात फिरते. प्लेट हीट एक्सचेंजरमध्ये ते आपली उष्णता बाहेरच्या पाण्याला देते आणि ते बाहेरचे पाणी टॉवरवर जाऊन गार होते. खर्च होतो तो या बाहेरच्या पाण्याचा.

इथे एक इशारा आधीच देतो, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. फिरणारे पाणी आणि खर्च होणारे पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी वाचवायचे म्हणून पंपाचा व्हॉल्व्ह आवळणे, क्वाइलचा प्रवाह कमी करणे, वीज गेल्यावर चालणारी वरची आणीबाणीची टाकी रिकामी ठेवणे, यातले काहीही करू नये. क्वाइल जळून पाणी वितळलेल्या लोखंडाखाली गेले तर स्फोट होतो. या पुस्तिकेत सांगितलेली सगळी बचत सम्पच्या बाजूची आहे. क्वाइलच्या बाजूला हात लावायचा तो फक्त गळती शोधण्यासाठी.

आता टॉवरमध्ये काय घडते ते पाहू. उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते ते माठ पाझरतो म्हणून. पाझरलेले पाणी हवेत जाताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. टॉवरमध्येही तेच होते, फक्त पाझरण्याऐवजी पाणी नोझलमधून फिलवर (टॉवरमधल्या जाळीवर) पसरते आणि पंखा त्यातून हवा ओढतो. एक लीटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी लागतात. तेच पाणी १० अंशांनी गार करायला फक्त १० किलोकॅलरी बाहेर काढाव्या लागतात. म्हणजे १०० लीटर पाण्यातले पावणेदोन लीटर उडाले की बाकीचे १० अंशांनी गार होते. या हिशेबात फसवणूक कुठेच नाही. हे पावणेदोन लीटर आपले काम करून गेले.

फौंड्रीवाल्याला वीज कळते, म्हणून तोच हिशेब विजेच्या भाषेत मांडतो. एक युनिट वीज उष्णता होऊन टॉवरवर आली की सुमारे दीड लीटर पाणी हवेत जाते. एक टन बीड वितळवायला ६०० युनिट लागली असे धरू. त्याचा पाव हिस्सा, म्हणजे १५० युनिट, क्वाइलच्या पाण्यात उतरला. दीडने गुणले की सव्वादोनशे लीटर. काही उष्णता पाण्याची वाफ न करता नुसती हवा तापवूनही जाते, म्हणून सोयीसाठी २०० लीटर धरू. टनामागे २०० लीटर हा भौतिकशास्त्राचा कर आहे. टॉवर वापरायचा तर तो भरावाच लागतो. मार्च-एप्रिलच्या कोरड्या, तापलेल्या दुपारी तो सर्वांत जास्त असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत राकसकोपची पातळी उतरलेली असते.

या २०० लीटरच्या वर जे जाते, ते आपल्या हातातले आहे.

पहिली वाट ब्लोडाउनची. पाणी उडते तेव्हा क्षार मागे राहतात. बोअरच्या पाण्यातला चुना, मॅग्नेशियम, सिलिका सगळे सम्पमध्ये दाट होत जाते. मर्यादा ओलांडली की एक्सचेंजरच्या पत्र्यांवर पांढरा थर बसतो, उष्णता पुढे सरकेनाशी होते, भट्टी ट्रिप होते. म्हणून थोडे दाट पाणी सोडून द्यायचे आणि ताजे घ्यायचे. प्रश्न इतकाच की किती सोडायचे. सम्पमधले क्षार ताज्या पाण्याच्या किती पट होऊ द्यायचे, यावर ते ठरते. दुपटीवर थांबलो तर २०० लीटर उडाल्यामागे २०० लीटर गटारात जातात. तिपटीवर गेलो तर १००, पाचपटीवर ५०, दसपटीवर साधारण २२. या आकड्यांकडे थोडे थांबून पाहावे. दुपटीवरून पाचपटीवर जाताना टनामागे १५० लीटर वाचतात, पण पाचपटीवरून दसपटीवर जाण्याची सगळी खटपट करून वाचतात जेमतेम २८. लहान फौंड्रीने शून्य विसर्गाच्या महागड्या यंत्रणेमागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत या गणितातूनच झाले आहे. तीन ते पाच पट हा आपल्या भागासाठी शहाणपणाचा टप्पा आहे. रोज १० टन ओतणाऱ्या कारखान्यात दुपटीवरून पाचपटीवर गेल्याने दिवसाला दीड हजार लीटर वाचतात. वर्षाचे ३०० दिवस धरले तर साडेचार लाख लीटर, म्हणजे ५ हजार लीटरचे ९० टँकर.

किती पट झाले हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. हातात मावणाऱ्या कंडक्टिव्हिटी मीटरने ताजे पाणी मोजायचे, सम्पचे पाणी मोजायचे आणि दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागायचे. बहुतेक ठिकाणी मात्र हे मोजले जात नाही. ब्लोडाउनचा कॉक कुणीतरी कधीतरी थोडा उघडून ठेवलेला असतो आणि तो तसाच वाहत राहतो. भट्टी बंद असतानाही वाहतो. गटारात पाणी दिसते, पण ‘ते ब्लोडाउनचे’ म्हटल्यावर पुढे कोणी विचारत नाही.

सॉफ्टनरबद्दलही एक गैरसमज इथे दूर केला पाहिजे. सॉफ्टनर बसवला म्हणजे आता कितीही पट चालेल, असे अनेकजण धरून चालतात. सॉफ्टनर चुना आणि मॅग्नेशियम काढतो, सिलिकाला तो हात लावत नाही. काळ्या पाषाणातून आलेल्या पाण्यात सिलिका असतेच. फिरत्या पाण्यात ती लीटरमागे १५० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ देऊ नये, असा सर्वसाधारण नियम आहे. बोअरच्या पाण्यात ती ३० मिलिग्रॅम असेल तर पाच पटीला तुमची हद्द संपते, सॉफ्टनर असो वा नसो. सिलिकाचा थर बसला तर साध्या आम्लाने निघत नाही. म्हणून बोअरच्या पाण्याची एकदा नीट तपासणी करून घ्यावी. उद्यमबागेतच अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवे असतात आणि त्यांच्या दारातच हा विषय पडून आहे.

दुसरी वाट उडणाऱ्या थेंबांची. पंख्याच्या ओढीने वाफेबरोबर बारीक थेंबही बाहेर जातात. त्यांना अडवणारे एलिमिनेटर नसतील किंवा मोडले असतील, तर फिरत्या पाण्याच्या हजारात एक-दोन भाग असेच जातात. चांगले एलिमिनेटर हे प्रमाण लाखात पाच भागांवर आणतात. तासाला ५० हजार लीटर फिरवणाऱ्या टॉवरवर हा फरक तासाला १०० लीटर विरुद्ध अडीच लीटर असा पडतो. टॉवरशेजारचा पत्रा लवकर गंजला असेल, जवळ लावलेल्या गाड्यांच्या काचांवर पांढरे ठिपके पडत असतील, तर कारण वरच शोधावे.

तिसरी वाट मला सर्वांत चीड आणणारी आहे, कारण तिच्यामागे कसलेच विज्ञान नाही. बॉलकॉकचा रबर झिजतो आणि पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून मिनिटाला लीटरभर वाहू लागते. मिनिटाला एक लीटर म्हणजे करंगळीएवढी धारसुद्धा नाही. पण दिवसाला ते १,४४० लीटर होते आणि वर्षाला सव्वापाच लाख. वर सांगितलेली पाचपटीची सगळी बचत हा एक रबर खाऊन टाकतो. दुसरा प्रकार याहून लपलेला आहे. संध्याकाळी पंप बंद केला की वरच्या पाइपांतले आणि फिलवरचे सगळे पाणी खाली सम्पमध्ये उतरते. बॉलकॉक काठोकाठ पातळीवर लावलेला असेल, तर या उतरलेल्या पाण्याला जागाच नसते. ते ओव्हरफ्लोने निघून जाते. सकाळी पंप चालू झाला की पाइप पुन्हा भरतात, पातळी उतरते आणि बॉलकॉक तेवढेच ताजे पाणी घेतो. दिवसातून दोनदा पंप बंद-चालू होत असेल तर दोनदा हे घडते. उपाय फुकट आहे. पंप बंद असताना सम्प जेमतेम भरेल, इतका बॉलकॉकचा दांडा खाली वाकवायचा. मात्र पंप चालू असताना त्याच्या सक्शनला हवा लागणार नाही, एवढी पातळी राहते ना, हे पाहून घ्यायचे.

कूलिंग टॉवरच्या पाण्याबद्दल बोलताना मोठ्या वीज केंद्रांकडे पाहावेच लागते, कारण तिथे हाच प्रश्न डोंगराएवढा होतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद पडले. कोळसा होता, यंत्रे धड होती, पाणी नव्हते. २०१५ च्या दुष्काळात तिथे तीच वेळ पुन्हा आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने टॉवरवर चालणाऱ्या जुन्या औष्णिक केंद्रांना मेगावॅट-तासामागे साडेतीन घनमीटर पाण्याची मर्यादा घातली. सोप्या शब्दांत, युनिटमागे साडेतीन लीटर. जानेवारी २०१६ च्या वीजदर धोरणाने सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांना ते प्रक्रिया केलेले पाणी वापरणे बंधनकारक केले. नागपूरने ही वाट आधीच धरली होती. शहराचे सांडपाणी भांडेवाडीत शुद्ध करून कोराडीच्या केंद्राला दिले जाते. झारखंडमधल्या उत्तर करणपुरा केंद्रात तर वाफ थेट हवेनेच गार करण्याची व्यवस्था एनटीपीसीने केली. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून समुद्राचे पाणी वापरते. त्याला ही अडचण नाही. पण परळी समुद्रकाठी नाही आणि बेळगावही नाही.

युनिटमागे साडेतीन लीटर या आकड्याचा आपल्याशी थेट संबंध आहे. आपली वीज सगळीच कोळशाची नाही, जलविद्युत आहे, पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प आहेत. तरी औष्णिक केंद्रातून आलेल्या प्रत्येक युनिटमागे तिकडे कुठेतरी तीनेक लीटर पाणी आधीच गेलेले असते. शक्तिनगरचे रायचूर औष्णिक केंद्र कृष्णेचे पाणी उचलते, आणि आपली मार्कंडेय घटप्रभेतून शेवटी कृष्णेलाच मिळते. म्हणजे भट्टीवर वाचवलेले युनिट पाणी दोन ठिकाणी वाचवते : क्वाइलमध्ये उतरणाऱ्या प्रत्येक युनिटमागे इथे दीड लीटर आणि तिकडे तीन. म्हणून भट्टीवर झाकण ठेवणे, साचा तयार नसताना धातू तापवत न बसणे, भंगार कोरडे आणि योग्य मापाचे टाकणे, ही जुनी फौंड्री-शिस्त पाण्याच्या पुस्तिकेतही आली आहे. ती इथे का, असे वाचकाने विचारू नये.

साखर कारखान्यांची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती फार उद्बोधक वाटते. निपाणीचा हालसिद्धनाथ, संकेश्वरचा हिरण्यकेशी आणि या जिल्ह्यातले इतर अनेक कारखाने हंगामात रोज हजारो टन ऊस गाळतात. उसाच्या वजनात साधारण ७० टक्के पाणीच असते. टनभर उसाबरोबर ७०० लीटर पाणी कारखान्याच्या दारात येते. ते रसातून उडवून लावणे हेच साखर कारखान्याचे निम्मे काम. रस आटवणाऱ्या पॅनमधून आणि शेवटच्या बॉडीतून निघणारी वाफ कंडेन्सरमध्ये थंड पाण्याच्या फवाऱ्यावर आपटते, तिचे पाणी होते आणि ते त्याच थंड पाण्यात मिसळते. हे मिश्रण स्प्रे पाँडवर जाते. फौंड्रीचा टॉवर पाणी मागत राहतो, तर साखर कारखान्याच्या स्प्रे पाँडमध्ये उसाचेच पाणी येऊन भर पडते आणि तो ओसंडू शकतो. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी म्हणूनच स्प्रे पाँडच्या ओव्हरफ्लोवर किंवा टॉवरच्या ब्लोडाउनवर उसाच्या टनामागे १०० लीटरची मर्यादा घातली. नीट चालवलेला कारखाना नदीतून जवळजवळ काहीही न उचलता उसाच्या पाण्यावर हंगाम काढू शकतो. हे ऐकून सीमाभागातल्या ऊस उत्पादकाला नवल वाटेल. त्याच्या शेतातून मालाबरोबर किती पाणी बाहेर जाते, हेही त्यातून त्याला कळेल. साखर कारखान्यांसाठी या पुस्तिकेत वेगळे प्रकरण नाही. त्यांच्याकडे अभियंते आहेत, साधने आहेत. फौंड्रीकडे बहुधा एक मालक आणि एक फर्नेस ऑपरेटर असतो.

बेळगावच्या हवेने आपल्याला एक सवलत दिली आहे आणि ती आपण वापरत नाही. समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवरचे हे गाव सोलापूर-नागपूरइतके तापत नाही. बऱ्याच भट्ट्यांच्या क्वाइलला येणारे पाणी चाळीस अंशांच्या आसपास असले तरी चालते. नेमकी मर्यादा भट्टी बनवणाऱ्याच्या कागदात पाहावी. अशा पाण्याला वर्षातले बरेच महिने टॉवरची गरजच नाही. मोटारीच्या रेडिएटरसारखा पंख्याचा कोरडा कूलर ते काम पाणी न उडवता करू शकतो. पॅनेलमधल्या इलेक्ट्रॉनिक्सला मात्र अधिक गार पाणी लागते. त्यासाठी लहानसा टॉवर ठेवावा. नवी भट्टी घेताना हा विचार केला तर तो स्वस्त पडतो. जुन्या मांडणीत बदल करायला खर्च येतो आणि पंख्यांची वीजही वाढते. एवढे धरूनही, ज्यांना उन्हाळ्यात टँकर घ्यावाच लागतो त्यांनी हा हिशेब करून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

पाऊस हा दुसरा हक्काचा ठेवा. आपल्याकडे वर्षाला बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एक हजार चौरस मीटरच्या शेडवरून, वाया जाणारे वजा करूनही, नऊ लाख लीटरच्या वर पाणी खाली येते. त्यात चुना नाही, सिलिका नाही. म्हणून टॉवरला ते बोअरच्या पाण्याहून कितीतरी चांगले. पावसाळ्यात तेच टॉवरवर घ्यावे, बोअर बंद ठेवावी आणि उरलेले गाळून बोअरजवळच्या खड्ड्यात मुरवावे. मे महिन्यापर्यंत साठवण्याइतकी टाकी कोणी बांधणार नाही. ती बांधा असे मी सांगतही नाही. फौंड्रीच्या छपरावर काळी धूळ असते, त्यामुळे पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी सोडून द्यावे लागते.

रसायनांविषयी थोडे कठोर लिहिले आहे. पाणी दाट झाले की गंज आणि थर रोखायला रसायन लागते, शेवाळ आणि जंतू मारायला वेगळे लागते. पूर्वी जगभर गंज रोखण्यासाठी क्रोमेट वापरत. कॅलिफोर्नियातल्या हिंकले गावात वायूवाहिनीच्या कॉम्प्रेसर केंद्राने १९५२ ते १९६६ या काळात कूलिंग टॉवरचे क्रोमियममिश्रित पाणी उघड्या तळ्यांत सोडले. ते भूजलात उतरले. त्यावरून झालेल्या खटल्यात १९९६ मध्ये त्या केंद्राच्या मालक पीजी अँड ई कंपनीने ३३ कोटी ३० लाख डॉलर भरपाई दिली. आपल्या ब्लोडाउनचे गटार नाल्याकडे जाते आणि नाला भाताच्या शेताकडे. सम्पमध्ये काय टाकले आहे, हे विचारण्याचा हक्क अनगोळच्या शेतकऱ्याला आहे, आणि पुरवठादाराने डब्यावर फक्त आकडे-अक्षरांचे नाव लिहून भागत नाही. जंतुनाशकात मात्र काटकसर नको. १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यात न्यूमोनियासारखा आजार पसरून अनेकजण दगावले. त्यातून जो लिजिओनेला जंतू सापडला, तो कोमट, साचलेल्या, गाळ असलेल्या पाण्यात वाढतो आणि टॉवरच्या थेंबांतून श्वासात जातो. पाणी वाचवले म्हणून सम्प घाण ठेवायचा, असे होता कामा नये. फिल धुताना कामगाराला मास्क दिलाच पाहिजे.

पुस्तिका मराठीत आहे, कारण या भट्ट्यांवर उभी राहणारी माणसे घरी मराठी बोलतात, आणि यंत्राबरोबर येणारे कागद त्यांना परक्या भाषेत मिळतात. शेजारच्या मशीनवर उभा असलेला कन्नड भाषक सहकारी तेच पाणी पितो. त्याच्यासाठी कन्नड आवृत्ती व्हायला हवी, आणि ती कोणी करणार असेल तर मजकूर, आकृत्या, तक्ते सगळे मोकळे आहे, परवानगी विचारायचीही गरज नाही. कारखान्यात वापरतात तेच शब्द ठेवले आहेत : सम्प, फिल, नोझल, ब्लोडाउन, हीट.

मालकांना एक विनंती आहे. टॉवर हा आज कोणाच्याच कामाच्या यादीत नसतो. फर्नेस ऑपरेटर भट्टीकडे पाहतो, इलेक्ट्रिशियन पॅनेलकडे, आणि टॉवरकडे पाणी संपल्यावरच कोणी जाते. एका माणसाचे नाव ठरवा. त्याला शिफ्टमधली दहा मिनिटे द्या, कंडक्टिव्हिटी मीटर द्या. शेवटच्या पानांवरचा तक्ता तो भरेल : मेकअपच्या, म्हणजे ताज्या पाण्याच्या, लाइनवरील मीटरचे वाचन, सम्पची कंडक्टिव्हिटी, ताज्या पाण्याची कंडक्टिव्हिटी, किती टन ओतले, बॉलकॉक नीट आहे की नाही. तक्ता बारा महिन्यांचा आहे. सुरुवात मार्चपासून केली तर उन्हाळ्याचे आकडे आधी हाती येतील आणि पावसाळ्यात बोअर बंद ठेवल्यावर ते किती उतरले, हेही त्याच वर्षात दिसेल. त्या माणसाचा पगार वाढवता आला तर वाढवा. वाचलेल्या टँकरांच्या पैशांत ते सहज बसते.